रॉ जीपीएस डेटा एक्स्पोर्ट होतो, पण पॉइंट जागेवर बसत नाहीत: कारण शोधायचा क्रम

अमरावती, यवतमाळ, वर्धा या पट्ट्यातल्या खाजगी सर्व्हेयरांचा जीपीएस डेटा प्रोसेसिंगसाठी माझ्याकडे येतो. शेताचे धुरे, पांदण रस्ते, कालवे, ले-आउट, सोलरसाठी घेतलेल्या जमिनी. मशिनं निरनिराळ्या कंपन्यांची, सॉफ्टवेअरही निरनिराळी, पण तक्रार एकच: "फिल्डवर सगळं फिक्स होतं, एक्स्पोर्ट केलं तर पॉइंट बरोबर येत नाहीत." ('फिक्स' म्हणजे मशीनने सेंटिमीटरपर्यंत पक्कं धरलेलं ठिकाण, 'फ्लोट' म्हणजे अजून पक्कं न झालेलं.)

बहुतेक वेळा मशीन ठीक असतं आणि रीडिंगही चांगलं असतं. ते बाहेर काढताना एखादी सेटिंग आडवी येते. कुठली, ते चूक केवढी आहे त्यावरून बरंचसं कळतं. म्हणून काहीही बदलायच्या आधी फरक मोजा: दिशा कोणती, अंतर किती, सगळ्या पॉइंटना सारखाच आहे की कमी-जास्त.

लक्षणं

• फाइल दिसते, पण शून्य के.बी.ची. किंवा सॉफ्टवेअर ती उघडायलाच तयार नाही.
• पॉइंटच्या नावांच्या जागी तारखा आल्या आहेत.
• नकाशाचा आकार ओळखीचा वाटतो, पण आरशात पाहिल्यासारखा उलटा.
• शेत सव्वासहाशे किलोमीटर सरकलंय.
• शेत वीस-बावीस किलोमीटर सरकलंय.
• सगळे पॉइंट एकाच दिशेला दोन-चार मीटर सरकलेत, आपसातली अंतरं मात्र बरोबर.
• टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या दुर्बिणीच्या यंत्राने) मोजलेल्या अंतराशी किलोमीटरमागे अर्ध्या मीटरचा फरक.
• आडव्या मापात काही चूक नाही, पण सगळ्या उंच्या वीस सेंटिमीटरने किंवा थेट पन्नास-साठ मीटरने वेगळ्या.
• बेस (एका जागी ठेवलेलं मशीन) आणि रोव्हर (पोलवर घेऊन फिरायचं मशीन) दोन्हींच्या फाइली आहेत, पण बेसलाइन, म्हणजे एकावरून दुसऱ्याचं ठिकाण काढायचं गणित, लागत नाही. सॉफ्टवेअर म्हणतं, दोन्हींत सामायिक वेळच नाही.
• बेसलाइन लागते, पण फ्लोटवरच अडकते.

यातली वरची अर्धी यादी पाच-दहा मिनिटांत निकालात निघते. शेवटच्या दोन्हींना वेळ लागतो.

हात लावायच्या आधी

मशिनमधून दोन प्रकारच्या फाइली निघतात आणि दोन्हींना लोक रॉ डेटाच म्हणतात. पहिली कंट्रोलरमधली, म्हणजे हातातल्या स्क्रीनच्या यंत्रातली, जॉब फाइल: त्यात पॉइंटचे नंबर, कोऑर्डिनेट, पोलची उंची, फिक्स की फ्लोट याची नोंद. दुसरी रिसीव्हरच्या मेमरीतली: त्यात दर सेकंदाला किंवा दर पंधरा-तीस सेकंदांना प्रत्येक उपग्रहाकडून आलेलं मोजमाप. ही दुसरी फाइल कंपनीच्या स्वतःच्या साच्यात असते. ट्रिम्बलची टी०२ किंवा टी०४, टॉपकॉनची टीपीएस, यू-ब्लॉक्सची यूबीएक्स. ती सगळ्यांना वाचता यावी म्हणून तिची रायनेक्स या सामायिक साच्यातली फाइल करतात. आरटीके (फिल्डवरच बेसशी जोडून ठिकाण काढणं) बिघडलं, बेसचं ठिकाण चुकलं, तर काम सावरतं ते दुसऱ्या फाइलवरून. निव्वळ सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली पॉइंटची यादी) हातात असेल तर फारसं काही करता येत नाही.

म्हणून पहिलं काम: दोन्ही मूळ फाइली जशाच्या तशा वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करा, 'रीड ओन्ली' करा आणि त्या फोल्डरला पुन्हा हात लावू नका. पुढची सगळी खटपट कॉपीवर. रिसीव्हरमधला डेटाही बेसलाइन लागेपर्यंत पुसू नका. मेमरी भरली म्हणून संध्याकाळीच मशीन साफ करणारी पोरं भेटतात, त्यांना हे एकदा नीट सांगून ठेवावं.

१. फाइल पूर्ण आहे का, आणि ठेवलीय कुठे

आकार बघा. एका सेकंदाच्या नोंदीने तासभर चाललेल्या मशीनची रायनेक्स काही एम.बी.ची तरी असतेच. वीस-तीस के.बी. दिसली तर नुसतं हेडर आणि जेमतेम मिनिटभराचं रीडिंग उतरलंय असं समजा. याचं नेहमीचं कारण म्हणजे रेकॉर्डिंग बंद न करता थेट बॅटरी काढणं. फाइल नीट बंद झाली नाही की कार्डावर तिचा आकार शून्य दिसतो. आतला डेटा कधीकधी शाबूत असतो. अशा वेळी कॉम्प्युटर विचारतो, 'डिस्क फॉरमॅट करायची का?' नाही म्हणा, कार्ड काढा आणि 'कुठे थांबायचं' हा शेवटचा भाग वाचा.

मग फोल्डरचं नाव. सर्व्हेची बरीच जुनी सॉफ्टवेअरं देवनागरी नावं वाचू शकत नाहीत. फाइल 'गट नं. ४५ मौजा अमुक' अशा फोल्डरमध्ये असेल तर एक्स्पोर्ट निमूट अयशस्वी होतं किंवा रिकामी फाइल पडते, आणि एरर संदेशात फोल्डरचा उल्लेखही नसतो. फाइल सरळ सी ड्राइव्हवर, इंग्रजी अक्षरांच्या छोट्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवून बघा. पॉइंटचे कोडही कंट्रोलरमध्ये मराठीत टाकले असतील तर बाहेर पडताना त्यांची प्रश्नचिन्हं होतात. कोड इंग्रजी अक्षरांतच ठेवावेत, मराठी नावं नकाशावर नंतर टाकता येतात.

२. मध्ये एक्सेल आलं होतं का

फुकटची आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी तपासणी. सीएसव्हीवर डबल क्लिक केलं की ती एक्सेलमध्ये उघडते, आणि एक्सेल विचारल्याशिवाय सुधारणा करतं.

आपल्याकडे पॉइंटला हिस्सा नंबर द्यायची सवय आहे. १२/३ लिहिलं की एक्सेल त्याची १२ मार्च करतं. २/४५ चा 'फेब-४५' होतो. ४५/२ मात्र तसाच राहतो, कारण त्यातून तारीख निघत नाही. म्हणजे यादीतल्या काही ओळी बिघडतात आणि काही नाही, त्यामुळे वरवर पाहून कळत नाही. ००७ चा ७ होतो, १ई५ असा कोड असेल तर त्याचे एक लाख होतात.

दुसरा प्रकार आकड्यांचा. एक्सेल सीएसव्ही सेव्ह करतं तेव्हा सेलमध्ये जे दिसतं तेच लिहितं. दोन दशांश दिसत असतील तर तिसरा गेला, फाइलमध्ये तो परत कधीच येत नाही. आणि आकडे आपल्या पद्धतीने लाख-हजाराच्या स्वल्पविरामांसह दिसत असतील, २३,१६,८५२.४१ असे, तर स्वल्पविरामाने रकाने तोडणारं सर्व्हे सॉफ्टवेअर त्या एका आकड्याचे तीन रकाने करू शकतं. उंचीच्या जागी नॉर्दिंगचा (उत्तरेकडच्या मापाचा) तुकडा दिसला तर इथेच शोधा.

फाइल नोटपॅडमध्ये उघडा. तिथे जे दिसतं ते खरं. एक्सेल वापरायचंच असेल तर आधी रिकामी शीट उघडा, 'डेटा' टॅबमधून टेक्स्ट फाइल इम्पोर्ट करा आणि पॉइंट नंबरचा रकाना 'टेक्स्ट' म्हणून निवडा. फाइल एकदा सेव्ह होऊन बिघडली असेल तर दुरुस्त करत बसू नका, जॉबमधून नव्याने काढा. मूळ कॉपी ठेवायला सांगितलं ते यासाठीच.

३. रकान्यांचा क्रम

नोटपॅड उघडलेलंच आहे तर एक ओळ वाचा:

१०१,२३१६८५२.४१८,७८५९७३.२०६,२८४.६३१,डीएच

यूटीएममध्ये (पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे झोन करून ठिकाण मीटरमध्ये सांगायची पद्धत) महाराष्ट्रात कुठेही असा, सात आकडी संख्या नॉर्दिंग आणि सहा आकडी ईस्टिंग (पूर्वेकडचं माप). यापलीकडे काही लक्षात ठेवायची गरज नाही. वरच्या ओळीत नॉर्दिंग आधी आहे. कॅडमध्ये एक्स म्हणजे ईस्टिंग आणि वाय म्हणजे नॉर्दिंग, त्यामुळे इम्पोर्ट करताना क्रम 'पॉइंट, नॉर्दिंग, ईस्टिंग, उंची, कोड' असाच निवडायला हवा. उलटा निवडला की नकाशा आरशातला होतो. त्याची कॅडमध्ये 'मिरर' मारून दुरुस्ती करणारे पाहिलेत. आकार सुलटा दिसतो खरा, पण शेत जगाच्या नकाशावर भलतीकडेच राहतं, आणि उत्तर दिशेचं काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही. इम्पोर्ट पुन्हा करा, दोन मिनिटांचं काम आहे.

४. अंश-मिनिटं की दशांश अंश

वीस-बावीस किलोमीटरचा फरक आला की माझा पहिला संशय यावर. काही सॉफ्टवेअर १८ अंश ३० मिनिटं १५ सेकंद हे १८.३०१५ असं लिहितात. केएमएल (गूगल अर्थची फाइल) बनवणारं साधन तोच आकडा दशांश अंश समजून घेतं. खरं दशांश रूप १८.५०४२ आहे. फरक ०.२ अंशाहून थोडा जास्त, म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे बावीस किलोमीटर. प्रत्येक पॉइंटला फरक वेगळा येतो, म्हणून नकाशाचा आकारही मोडतो. ओळखायची खूण सोपी: पूर्ण यादीत दशांश चिन्हानंतरचे पहिले दोन आकडे कधीच ५९ च्या वर जात नसतील तर ती मिनिटं आहेत.

५. झोन: ७८ अंशांची रेषा

विदर्भात काम करणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. पुणे-नाशिकवाल्यांना ही डोकेदुखी नाही.

यूटीएमचा ४३ क्रमांकाचा झोन ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशापर्यंत, त्यापुढे ८४ पर्यंत ४४. मुंबई, पुणे, संभाजीनगर, अकोला, नांदेड सगळे ४३ मध्ये. वर्धा, नागपूर, चंद्रपूर ४४ मध्ये. रेषा अमरावती जिल्ह्यातूनच जाते: अमरावती शहर ४३ मध्ये, वरुड ४४ मध्ये, मोर्शी जवळपास रेषेवरच. यवतमाळ शहर रेषेच्या जरासं पूर्वेला, पण जिल्ह्याचा बराच भाग पश्चिमेला.

कंट्रोलरमध्ये जुन्या जॉबची सेटिंग पुढे चालू राहिली की झोन चुकतो. वरुडची संत्र्याची बाग ४४ मध्ये मोजली आणि सीएसव्ही घेणाऱ्याने ४३ निवडला, तर ती बरोबर सहा अंश पश्चिमेला, सव्वासहाशे किलोमीटरवर, खंबातच्या आखाताकडे जाऊन बसते. सीएसव्ही आणि डीएक्सएफ (कॅडचा नकाशा) या दोन्ही फाइलींत झोन सहसा लिहिलेलाच नसतो. पाठवणाऱ्याने वेगळा सांगितला तरच कळतो. मी फाइलच्या नावातच झोन लिहायला लावतो.

एवढी मोठी चूक डोळ्यांत भरते, म्हणून ती बरी. जास्त त्रास देतं ते दुसरं प्रकरण: काम रेषेच्या दोन्ही बाजूंना असणं. रस्ता किंवा कालवा रेषा ओलांडतो आणि काही सॉफ्टवेअर आपोआप झोन बदलतात. एकाच फाइलमध्ये अर्ध्या पॉइंटचं ईस्टिंग आठ लाखांच्या आसपास, उरलेल्यांचं दोन लाखांच्या आसपास. अशा कामाला सुरुवातीलाच एक झोन ठरवून तो शेवटपर्यंत पक्का ठेवायचा. रेषेच्या थोडं पलीकडे गेलं म्हणून यूटीएमचं गणित मोडत नाही.

६. टेपशी जुळत नाही, कारण जुळायचंच नव्हतं

ही बिघाडाची तक्रार म्हणून येते, पण बिघाड नसतो. यूटीएमचं अंतर म्हणजे जमिनीवरचं अंतर नव्हे. झोनच्या मध्यरेषेवर, आपल्या ४३ साठी ७५ अंशांवर, प्रमाण ०.९९९६ धरलेलं आहे. म्हणजे तिथे १००० मीटर कागदावर ९९९.६ होतात. मध्यरेषेपासून दूर जाल तसं हे वाढत जातं आणि झोनच्या कडेला एकाच्या वर जातं. त्यात जागेच्या उंचीचा थोडा हिशोब मिसळतो.

पुण्यात सगळं धरून किलोमीटरमागे सुमारे ३० सेंटिमीटर कमी दिसतात. अमरावती मध्यरेषेपासून पावणेतीन अंश दूर, म्हणून इथे उलट ५५ सेंटिमीटरच्या आसपास जास्त. पुण्याहून आलेला सर्व्हेयर 'जीपीएस नेहमी कमी दाखवतं' म्हणतो, इथला 'जास्त दाखवतं' म्हणतो आणि दोघंही खरं बोलत असतात. क्षेत्रफळात हा फरक दुप्पट टक्क्यांनी उतरतो: अमरावतीत एका हेक्टरला सुमारे ११ चौरस मीटर जास्त. पांदणीच्या मोजणीत याला कुणी विचारत नाही. ले-आउटच्या प्लॉटांत किंवा मोठ्या सोलर जमिनीच्या खरेदीत मात्र कुणीतरी विचारणारच.

उपाय सॉफ्टवेअरमध्येच असतो: एक्स्पोर्ट करताना 'ग्रिड' (यूटीएमच्या) ऐवजी 'ग्राउंड' (जमिनीवरचं) अंतर निवडणं, किंवा कामापुरता एक स्केल फॅक्टर ठरवून तो अहवालात लिहिणं. नंतर कॅडमध्ये नकाशा ताणून टेपशी जुळवू नका. तसं केलं की कोऑर्डिनेट ना ग्रिडचे राहतात ना जमिनीचे, आणि पुढच्या वेळी तिथे रोव्हर घेऊन जाणाऱ्याला खुणेचा दगड सापडत नाही.

७. उंची

फरक गोल आकड्यात असेल, वीस सेंटिमीटर वगैरे, तर पोल बघा. पोल १.८० वर उभा आणि कंट्रोलरमध्ये २.०० लिहिलेलं. सगळ्याच पॉइंटना लागू असेल तर जॉबमध्ये उंची दुरुस्त करून पुन्हा एक्स्पोर्ट करता येतं. दुपारी झाडाखाली पोल वाढवला आणि नोंद केली नाही, असं असेल तर कोणत्या पॉइंटपासून ते मोजणाऱ्यालाच विचारावं लागतं. फिल्डबुकात एक ओळ लिहिलेली असली की हा फोन वाचतो.

पाच-दहा सेंटिमीटरचा फरक असेल तर बेसच्या अँटेनाची उंची कशी मोजली ते विचारा. ट्रायपॉडवरच्या बेसला टेप तिरपी धरून कडेच्या खुणेपर्यंत मोजतात. कंट्रोलरमध्ये मात्र 'उभी, अँटेनाच्या तळापर्यंत' असं निवडलेलं असतं. तिरपेपणाचा फरक स्वतः किरकोळ असतो: दीड मीटरच्या तिरप्या मापात, अँटेनाची त्रिज्या १३ सेंटिमीटर असेल तर, फक्त सहा मिलिमीटर. खरा फरक पडतो तो खूण तळापेक्षा किती वर आहे याने, आणि अँटेनाचं मॉडेल चुकीचं निवडल्याने. रायनेक्स केल्यावर तर हे हमखास तपासा. फाइल नोटपॅडमध्ये उघडली की हेडरमध्ये 'अँटेना डेल्टा एच-ई-एन' अशी ओळ असते, तिचा पहिला आकडा उंचीचा. रूपांतर करणारी बरीच साधनं तिथे शून्य लिहून मोकळी होतात. त्याच्या एक-दोन ओळी वर अँटेनाचं नाव असतं, तेही रिकामं सापडतं.

पन्नास-साठ मीटरचा फरक म्हणजे जिऑइड, समुद्रसपाटी जमिनीखालूनही पुढे नेली तर होणारा काल्पनिक पृष्ठभाग. जीपीएस मोजतं ती गणिती लंबगोलावरची उंची, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. भारतात जिऑइड त्या लंबगोलाच्या बराच खाली आहे, म्हणून मुंबईच्या किनाऱ्यावर उभं राहिलं तरी कच्ची उंची उणे साठ मीटरच्या आसपास दिसते. घाबरायचं कारण नाही. सॉफ्टवेअरमध्ये ईजीएम २००८ सारखं जिऑइड मॉडेल निवडा आणि पुन्हा एक्स्पोर्ट करा. पण कालव्याची किंवा नाल्याची लेव्हल द्यायची असेल तर नुसत्या जागतिक मॉडेलवर भिस्त ठेवू नका. जवळच्या बेंचमार्कवर (उंची ठाऊक असलेल्या खुणेवर) रोव्हर लावून किती फरक राहतो ते बघायचंच. पाण्याला सेंटिमीटर कळतात.

८. वेळ

'सामायिक वेळ नाही' हा संदेश आला की आधी घड्याळ. रायनेक्समधली वेळ जीपीएसची असते. ती यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) १८ सेकंद पुढे, २०१७ पासून तेवढीच. यूटीसी आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे. १८ सेकंद सॉफ्टवेअर सांभाळून घेतं. साडेपाच तास माणसाने सांभाळायचे असतात.

सकाळी ९ ते ११ काम केलं असेल तर ते यूटीसीत ०३:३० ते ०५:३०. कॉर्स स्टेशनच्या (एका जागी कायम चालू ठेवलेल्या बेसच्या) ताशी फाइली घेत असाल तर ०३, ०४ आणि ०५ अशा तीन तासांच्या लागतील. बरेच जण ०९ आणि १० च्या घेऊन येतात आणि बेसलाइन लागत नाही म्हणून मशिनवर राग काढतात.

दिवसाचंही तसंच. जीपीएसचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलतो. मे महिन्यात इकडे उन्हाच्या आधी आवरायचं म्हणून पहाटे पाचला बेस लावतात. त्या पहिल्या अर्ध्या तासाची तारीख आदल्या दिवसाची असते. जुन्या पद्धतीच्या रायनेक्स नावात वर्षातला कितवा दिवस ते तीन आकड्यांत लिहितात, १ मार्च म्हणजे ०६०, लीप वर्षात ०६१. अशा सेशनला लागोपाठच्या दोन दिवसांच्या फाइली लागतात.

तारीखच साडेएकोणीस वर्षं मागची दिसत असेल तर ते वेगळं दुखणं. जीपीएसचा आठवडा-क्रमांक दर १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो, शेवटचा एप्रिल २०१९ मध्ये आला. काही जुन्या रिसीव्हरांत फर्मवेअरच्या हिशोबाने तो वेगळ्याच दिवशी उलटतो. हेडरमध्ये हाताने तारीख बदलून एखादी फाइल निघेलही, पण दर ओळीची वेळ बदलावी लागते. फर्मवेअर अपडेट हाच उपाय, आणि ते सर्व्हिस सेंटरकडूनच करून घ्यावं. अर्धवट अपडेट झालेलं मशीन पुन्हा सुरूही होत नाही.

९. रायनेक्सची आवृत्ती आणि सोबतच्या फाइली

वेळ बरोबर असूनही फाइल घेत नसेल तर पहिली ओळ वाचा, तिथे आवृत्ती लिहिलेली असते. जुनं सॉफ्टवेअर २.११ च्या पुढे वाचत नाही. नवं मशीन ३.०४ किंवा वरची काढतं, त्यात चीनचं बायडू आणि आपलं नाविक या यंत्रणांचे उपग्रहही असतात. जुन्या सॉफ्टवेअरसाठी २.११ काढायची झाली तर जीपीएस आणि रशियाचं ग्लोनास एवढेच ठेवा.

उपग्रहांच्या कक्षांची नेव्हिगेशन फाइल वेगळी असते आणि ती पाठवायची हमखास राहते. ती नसेल तर ऑब्झर्व्हेशन (मोजमापांची) फाइल कितीही चांगली असो, गणित सुरूच होत नाही. कॉर्सवरून आलेली फाइल सीआरएक्स किंवा शेवटी 'डी' असलेली असेल तर ती हातानाका नावाच्या पद्धतीने दाबून लहान केलेली आहे, आधी सोडवून घ्या. कंपनीच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स नसेल तर आरटीकेलिबमधलं आरटीकेकन्व्ह हे मोफत साधन बऱ्याच कच्च्या फाइलींची रायनेक्स करून देतं. सगळ्यांची नाही. कंपन्यांचे काही नवे साचे त्यांच्याच साधनाने उघडतात.

नोंदीचं अंतरही जुळलं पाहिजे. बेस ३० सेकंदांवर आणि रोव्हर एका सेकंदावर असेल तर प्रत्येक पॉइंटवर दहा सेकंद थांबून केलेल्या कामातल्या बहुतेक पॉइंटना बेसची जोडीदार नोंदच मिळत नाही. याला ऑफिसात औषध नाही, त्याच वेळेची जवळच्या कॉर्सची एका सेकंदाची फाइल मिळवता आली तरच.

१०. बेस कुठे होता

सगळे पॉइंट एकत्र दोन-चार मीटर सरकलेत, आकार अचूक. बेस लावताना 'हिअर' दाबून मशीनने स्वतःहून काढलेलं ठिकाण घेतलं की असं होतं. त्यात मीटरभर ते काही मीटर चूक असतेच, आणि ती सगळ्या पॉइंटना जशीच्या तशी लागते. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा 'हिअर' दाबलं तर दोन दिवसांचे धुरे एकमेकांना भेटत नाहीत.

बेसची कच्ची फाइल असेल तर हे पूर्ण सावरतं. तिची रायनेक्स करून कॉर्सशी बेसलाइन लावा. कॉर्सची फाइल मिळत नसेल तर ऑस्ट्रेलियाची ऑसपॉस किंवा कॅनडाची सीएसआरएस-पीपीपी या मोफत ऑनलाइन सेवांना द्या. ऑसपॉसला दुहेरी फ्रिक्वेन्सीचा किमान तासाभराचा डेटा लागतो, दोन तास असतील तर उत्तम. आलेलं ठिकाण सॉफ्टवेअरमध्ये बेस पॉइंटला द्या आणि जॉब पुन्हा मोजू द्या. सीएसव्हीत वजाबाकी करू नका, उंची आणि ग्रिडचा हिशोब मागे राहतो.

एक खाचखळगा: भारताचा भूपट्टा ईशान्येकडे वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर सरकतो. ऑनलाइन सेवा मोजणीच्या तारखेचं ठिकाण देतात, कॉर्सचं एखाद्या ठराविक जुन्या तारखेचं असू शकतं. शेजारच्या कामाशी काही डेसिमीटरचा फरक पडला आणि तो ईशान्येकडेच असला, तर मोजणी चुकली असं धरू नका, दोन्ही कामांची संदर्भ तारीख विचारा. हे गणित नीट येत नसेल तर इथे थांबावं. साइट कॅलिब्रेशनमध्ये (मोजणी जागेवरच्या ठाऊक खुणांशी जुळवताना) खुणेचे दगड बदलून-बदलून 'रेसिड्युअल' (उरलेला फरक) कमी करत बसणं हा उपाय नव्हे. आकडे छान दिसतात आणि सगळं काम हळूच फिरतं.

११. फ्लोट

आधी सॉफ्टवेअरमध्ये उपग्रहांचा आलेख उघडा. एखाददुसऱ्या उपग्रहाचा सिग्नल सारखा तुटत असेल तर तो वगळून, किंवा क्षितिजाजवळचे उपग्रह कापण्याचा कोन १० वरून १५ अंश करून बघा. रेकॉर्ड करताना कोन कमीच ठेवावा. घेतलेलं नंतर कापता येतं, न घेतलेलं आणता येत नाही. एवढ्याने फिक्स आलं तर बरं. नाही आलं, तर ते रीडिंग लिंबाखाली, गच्च बागेत किंवा पत्र्याच्या शेडला लागून घेतलेलं असणार. पुन्हा जा, जास्त वेळ थांबा, किंवा उघड्यावर दोन पॉइंट घेऊन तिथून टोटल स्टेशन लावा. फ्लोट पॉइंट यादीत 'फिक्स' म्हणून खपवायला सॉफ्टवेअर अडवत नाही, शेजारचा शेतकरी अडवतो.

कुठे थांबायचं, कुणाला बोलवायचं

कार्ड फॉरमॅट मागतंय किंवा फाइल शून्याची आहे: कार्डावर काहीही न लिहिता डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. घरी रिकव्हरीची चार-पाच फुकट सॉफ्टवेअरं चालवून झाल्यावर आलेली कार्डं सहसा हाती लागत नाहीत. रिसीव्हरला उघड्या मैदानातही उपग्रह कमी दिसत असतील, किंवा त्याच जागी त्याच वेळी दुसरं मशीन फिक्स आणि हे फ्लोट असेल, तर सर्व्हिस सेंटर. स्क्रू खोलू नका, पाणी अडवणारं सील एकदा गेलं की पहिल्या पावसात मशीन जातं.

हद्दीचा वाद असेल तर डेटा कितीही स्वच्छ असला तरी तुमचं किंवा माझं काम तिथे संपतं. खाजगी जीपीएस मोजणीने हद्द कायम होत नाही. मालकाने तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करायचा आणि 'क' प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) घ्यायची. आपला नकाशा सोबत दाखवता येईल, त्याच्या जागी नाही.

आणि प्रोसेसिंगसाठी दुसऱ्याकडे द्यायची वेळ आली तर स्क्रीनशॉट पाठवू नका. बेस आणि रोव्हरच्या मूळ फाइली, जॉब फाइल, अँटेनाचं मॉडेल, उंची मोजताना टेप कुठे धरली होती त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो, झोन, आणि सुरू-बंदची वेळ घड्याळातली की यूटीसी, हे सगळं एका झिपमध्ये द्या.